पाहुण्या इंजिनांची जत्रा

जत्रा म्हटली की आपल्याला देवाची पालखी, कुस्त्यांचा फड, पाळणे आणि शेव-रेवड्यांची दुकानं आठवतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ओवोसो नावाचं एक गाव आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. या गावात २००९ च्या जुलै महिन्यात जत्रा भरली आणि तिचे मानकरी होते वाफेची इंजिनं.

पॅसिफिक किनाऱ्याकडच्या पोर्टलंडहून ४४४९ क्रमांकाचं इंजिन अर्ध्याहून अधिक देश ओलांडून आलं. लाल, नारिंगी आणि काळ्या रंगात नटलेलं. शेजारच्या इंडियाना राज्यातून ७६५ आलं. यजमान होतं गावातलंच १२२५. श्रोतेहो, ही तिन्ही भावंडंच म्हणायची. ओहायो राज्यातल्या लायमा इथल्या एकाच कारखान्यात ती घडली. दोन १९४१ साली, धाकटं १९४४ साली.

डिझेल इंजिनं आल्यावर त्यांच्या हजारो सोबत्यांचं भंगार झालं. ही तीन वाचली ती शोभेची वस्तू म्हणून. १२२५ हे १९५७ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात उभं राहिलं. १९६९ मध्ये तिथल्या काही विद्यार्थ्यांच्या मनात आलं, हे पुन्हा चालवता येईल का? ते काम वर्षानुवर्षं चाललं. इंजिन ओवोसोला हलवलं गेलं आणि १९८५ साली स्वतःच्या वाफेवर हललं. २००४ च्या ‘पोलर एक्सप्रेस’ या चित्रपटातल्या गाडीला आवाज आहे तो याच इंजिनाचा.

हा आवाज नुसता कानाला गोड लागतो म्हणून महत्त्वाचा नाही. लहानपणी आपण ज्याला ‘झुकझुक’ म्हणत होतो, तो इंजिनाचा श्वास आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चार वेळा बाहेर पडते. काम करून दमलेली ही वाफ धुराड्यातून वर जाताना भट्टीतली हवा ओढून घेते आणि आग फुलते. इंजिनाला ओझं जास्त झालं, की वाफ जोरात सुटते आणि आगही तितकीच भडकते. कष्ट वाढले की बळही वाढावं, अशी ही रचना आहे.

पण या बळाला लगाम लागतो. भट्टीच्या छतावर बॉयलरचं पाणी सतत असावं लागतं. ते पाणीच छताला थंड राखतं. पाणी खाली गेलं की पोलाद लाल होतं, मऊ पडतं आणि आतल्या दाबाखाली फाटतं. १९९५ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गजवळ पर्यटकांच्या गाडीला जोडलेल्या इंजिनात हेच घडलं. इंजिनावरचे तिघे भाजले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची नीट निगा राखली गेली नव्हती आणि माणसांचं शिक्षणही अपुरं होतं, असं चौकशीत निघालं. छत धरून ठेवणाऱ्या बोल्टांची जुनी रचना चांगली होती, म्हणून सबंध बॉयलर फुटला नाही.

त्यानंतर अमेरिकेत नियम कडक झाले. इंजिन १,४७२ दिवस वापरात राहिलं किंवा पंधरा वर्षं उलटली, यांतलं जे आधी होईल तेव्हा बॉयलर उघडून आतून तपासायचा. जत्रेचं ते वर्ष संपलं आणि यजमान १२२५ ही दुरुस्तीसाठी थांबलं. ते पुन्हा रुळांवर आलं २०१३ साली. अशा कामाला पैसा लागतो, पण त्याहून जास्त लागतात ती हातांना सवय असलेली माणसं. जत्रेला जमणारी गर्दी म्हणूनच केवळ हौशी म्हणता येत नाही. तिकिटाच्या पैशातून दुरुस्ती होते आणि त्या गर्दीतलंच एखादं पोर उद्या फावडं हातात घेतं.

आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ साली थांबली. १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ आपण जपली, हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिनं राखली. मात्र अनेक ठिकाणी इंजिन कार्यालयासमोर रंग लावून उभं असतं. रंगामुळे गंज दिसत नाही एवढंच.

लोखंड जपणं त्या मानानं सोपं आहे. आग कशी लावावी, गार बॉयलर सावकाश कसा तापवावा, काचेतलं पाणी खरं बोलतंय की खोटं हे कसं ओळखावं, ही विद्या पुस्तकात थोडी आणि माणसाच्या हातात जास्त असते. हात थकण्याआधी ती पुढच्या हातात जायला हवी. त्यासाठी इंजिन चालतं ठेवावं लागतं, आणि चालतं ठेवायचं तर त्याला अधूनमधून कुणाच्या तरी गावी पाहुणं म्हणून बोलवावं लागतं.