आधी पुढचं लाकूड, मग दस्ता

जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचा दस्ता हलत असेल, तर कुणालाही वाटतं की मागून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून आतला बोल्ट आवळावा. हात तिथेच आवरायला हवा. पहिल्या महायुद्धात गाजलेल्या आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनलेल्या मार्क ३ जातीत या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या मागच्या कडेला बसवलेल्या पट्टीत अडकतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होत नाही. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक पट्टीसकट लाकूडच चिरतं. शंभर वर्षं टिकलेलं लाकूड असं एका पिळात जातं, हे बघवत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. परवाना आणि रिकामी नळी, या दोन गोष्टी सगळ्याच्या आधी. मग मॅगझिन, नळीच्या तोंडाकडची लोखंडी टोपी, ट्रिगर गार्ड, आणि त्यानंतर पुढचं लाकूड, सरळ खाली.

खरा हट्टीपणा स्क्रूंचा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे आतून पाचर मारल्यासारखे घट्ट होतात. काही स्क्रू तर मुद्दाम ठोकून पक्के केलेले असतात. तिथे तेल कितीही ओता, आधी तो ठोकलेला काठ मोकळा करावा लागतो. गंजलेल्या स्क्रूला झिरपणारं तेल लावून रात्रभर थांबावं, मग स्क्रूच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत. त्या कंपनांनी गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. तरीही हलला नाही, तर सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने फक्त डोकं गरम करावं. ब्लोटॉर्चची ज्योत मात्र नको. लाकूड करपतं आणि पाणी दिलेल्या पोलादाचा कडकपणा जातो.

स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत काठोकाठ बसायलाच हवं. बाजारातलं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे ते खाचेतून वर सरकतं आणि खाच मारून टाकतं. दगडावर घासून दोन्ही बाजू समांतर करून घ्याव्यात. सोडवण्याआधी स्क्रू किंचित आवळून पाहावा, पुष्कळदा पहिली हालचाल तिकडेच होते.

जोडताना क्रम उलटा: आधी दस्ता. बोल्ट आवळल्यावर चौकोनी टोकाच्या बाजू उभ्या सरळ आल्या, तरच पुढचं लाकूड हाताने बसतं. हातोडी घ्यावीशी वाटली, तर बोल्ट तिरका राहिलाय.