माळवदाच्या घरात गरम पाणी

भीमाकाठच्या मांडवगण फराट्यात घर उबदार ठेवायची काळजी कुणाला नसते, काळजी असते आंघोळीच्या पाण्याची. युरोपातल्या जुन्या घरांतून तेलावरचे बॉयलर काढून हीट पंप बसवताहेत. आपल्याकडे त्या बॉयलरच्या जागी परसातला तांब्याचा बंब उभा असतो. उसाच्या गावात त्याला पाचट, चिपाडं, तुरकाठ्या, गोवऱ्या काहीही चालतं. जळण घरचंच, म्हणून पाणी फुकट असं सगळे म्हणतात. पहाटे बंब पेटवणारीच्या डोळ्यांत जाणारा धूर त्या हिशेबात कुणी धरत नाही.

बंब गेला तिथं बहुधा गिझर आला. एक युनिट वीज घेऊन तो एक युनिट उष्णता देतो. हीट पंप उष्णता तयार करतच नाही, बाहेरच्या हवेतून उचलून आणतो. फ्रिजच्या मागची जाळी गरम का लागते हे आठवलं की त्याचं काम कळतं. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला गिझरला साधारण साडेतीन युनिट लागतात, चांगल्या हीट पंपाला सव्वाच्या आसपास. कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी ती १८५२ मध्ये मांडली. झुरिकच्या सतराव्या शतकातल्या नगरभवनात १९३८ मध्ये बसलेला पंप शेजारच्या लिमाट नदीतून ऊब उचलत असे.

घरावर सिमेंटचा पक्का स्लॅब असेल, तर माझं मत सरळ आहे: सोलर लावा, हीट पंपाच्या नादी लागू नका. भीमाकाठी ऊन काही कमी नाही. अडचण येते ती पांढरीच्या मातीच्या भिंतींवरच्या, लाकडी तुळयांच्या माळवदाची. दोनशे लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच दोनशे किलो. त्यावर लोखंडी सांगाडा आणि काचेच्या नळ्या. पावसाळ्यात माळवद भिजून आधीच जड झालेलं असतं. हीट पंपाची टाकी मात्र परसात, जमिनीवरच्या ओट्यावर उभी राहते.

यंत्र आणलं तरी घर आणि सवयी बदलाव्या लागतात. बंबाच्या कढत पाण्याच्या एका बादलीत दीड-दोन बादल्या विसण सहज खपतं. हीट पंपाचं पाणी साधारण ५५ अंशांचं, त्यात अर्धी-पाऊण बादली घातली की पुरे. म्हणून सहा-सात माणसांच्या घरानं दीडशे-दोनशे लिटरची टाकी धरावी. बटण दाबलं आणि पाणी आलं, असंही होत नाही. टाकी तापायला काही तास जातात. थंडीत पहाटे हवा गार असते, तेव्हा तो चालवला तर वीज जास्त खातो. त्यापेक्षा दुपारच्या उन्हात चालवावा, टाकीची जाड गादी सकाळपर्यंत ऊब धरते. परसातून न्हाणीपर्यंतचा पाइप उघडा ठेवला तर मिळवलेलं वाटेतच जातं. बोअरचं क्षाराचं पाणी आतल्या नळ्यांवर थर बसवतं. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि ते कॉम्प्रेसरला सोसत नाही. जुन्या घराची वायरिंग आणि अर्थिंग तर आधी तपासायलाच हवी. सवलतीचं पत्रक हातात देणारा विक्रेता यातलं फारसं बोलत नाही.

एवढं करूनही चार माणसांच्या घरात हा खर्च लवकर फिटत नाही. वसतिगृह, मंगल कार्यालय, दवाखाना, अशा रोज भरपूर पाणी लागणाऱ्या जागी त्याचं गणित जमतं. शिरूर-दौंडच्या दूधपट्ट्यात आणखी एक जागा आहे. संकलन केंद्रात ३५ अंशांचं हजार लिटर दूध ४ अंशांवर आणायचं तर सुमारे पस्तीस युनिट उष्णता त्यातून काढावी लागते. पंखे ती भिंतीमागे हवेत सोडतात, आणि आतमध्ये कॅन धुण्यासाठी पाणी तापवायला वेगळी वीज किंवा जळण लागतं. दूध गार करणारं ते यंत्र म्हणजे हीट पंपच आहे. त्याच्या गरम बाजूला पाण्याची टाकी तेवढी जोडायची राहिली आहे.