दिवाळीच्या रंगाआधी ओल शोधा

मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. परतीच्या पावसाच्या बातम्या आल्या, की दिवाळीआधी घर रंगवून घेण्याची घाई सुरू होते. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर ‘डँपप्रूफ’ रंगाचे दोन हात. पुढच्या जुलैत डाग त्याच जागी हजर. आतून लावलेला रंग बाहेरचं पाणी थांबवत नाही, हे रंगाऱ्यालाही ठाऊक असतं.

आधी डाग कधी वाढतो ते पाहा. पावसात ओला आणि जानेवारीत कोरडा होत असेल, तर पाणी बाहेरून येतंय. किनारपट्टीवर नैर्ऋत्येचा वारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर झोडपतो. खिडकीची चौकट, छज्ज्याचा सांधा, बीम आणि विटकाम जुळतं तिथली भेग आधी तपासा.

ऐन मे महिन्यातही छत ओलं असेल, तर संशय वरच्या मजल्यावर. इथेच सोसायट्यांत वर्षानुवर्षांचे अबोले धरले जातात. खरं तर उपाय सोपा आहे: वरच्या न्हाणीघरातली जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी दोन दिवस साचवून ठेवायचं. खाली डाग पसरला, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पसरला नाही, तर नळाची किंवा सांडपाण्याची पाइपलाइन तपासायची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास-मोरीच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा. वाद घालण्याआधी ही चाचणी कराच.

तळमजल्यावर जमिनीलगत ओल आणि पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी पायातून वर चढतंय. कोकणातल्या जांभ्याच्या घरांना अशा वेळी सिमेंटचा जाड गिलावा देतात, ते चूकच. कोंडलेली ओल आणखी वर सरकते. चुन्याचा गिलावा भिंतीला सुकू देतो.

भिंत सुकली का, हे कळायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दिवसभरानंतर मागे थेंब दिसले, तर रंगकाम पुढे ढकला. ओल्या भिंतीवर धरणाऱ्या बुरशीने दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, तेव्हा कपाटही भिंतीपासून थोडं दूर ठेवा.

छताचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असेल, तर मात्र थांबू नका. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. तिथे रंगाऱ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, दिवाळी बिनरंगाची गेली तरी चालेल.