थंड इंजिन आणि डिझेलची नासाडी

रब्बी हंगामात ट्रॅक्टरचे काम केवळ मशागतीपुरते राहत नाही. पहाटे मळ्यात जाणे, वैरण आणणे, खताच्या गोण्या पोचविणे, अशा एक-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या सुरूच असतात. काम थोडे दिसते. पण महिनाअखेर डिझेलचा खर्च मात्र मोठा निघतो. ह्याचे एक मुख्य कारण म्हणजे इंजिनाचा थंडपणा होय.

इंजिनातील पाण्याचे तापमान सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस असता इंजिन उत्तम काम देते. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पहाटे पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. अशा वेळी वंगणतेल घट्ट होते व ते फिरविण्यातच शक्ती खर्च पडते. सिलिंडर थंड असल्यामुळे डिझेल पुरते जळत नाही. सुरुवातीचा पांढरा धूर ही त्याचीच खूण होय. शिवाय एक लिटर डिझेल जळाले असता सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन तापलेले असल्यास ही वाफ धुराबरोबर बाहेर पडते. ते थंड असल्यास वाफेचा काही भाग आतच निवून तेलात उतरतो. तेल लवकर खराब होते व इंजिन झिजते.

ह्यावर पुढील उपाय योजावेत :

१. इंजिन तापविण्यासाठी ट्रॅक्टर जागेवर चालू ठेवू नये. तासाला एक लिटर डिझेल धरले, तरी रोजच्या दहा मिनिटांचे महिन्याला पाच लिटर होतात. तेलाचा दाब ठीक दिसल्यावर मिनिटभरात, मध्यम गतीने व हलक्या भाराने निघावे. तापमानाचा काटा योग्य जागी आल्यावरच पूर्ण भार द्यावा.

२. उन्हाळ्यात इंजिन फार तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये. तो नसल्यास हिवाळ्यात इंजिन वेळेवर तापत नाही. बिघडल्यास नवा बसवावा.

३. विखुरलेल्या फेऱ्या इंजिन गरम असतानाच लागोपाठ उरकाव्यात. एखाद्या गोणीसाठी सायकल किंवा बैलगाडी वापरावी.

४. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एका ट्रॅक्टरवर हा प्रयोग करून दाखवावा. टाकी काठोकाठ भरून एक आठवडा जुन्या रीतीने व एक आठवडा नव्या रीतीने तेवढेच काम करावे आणि प्रत्येक वेळी पुन्हा किती डिझेल भरावे लागले, ते वहीत लिहावे. त्या दोन आकड्यांतील फरक शेतकऱ्यास सहज पटेल.