उक्त्या कामाचा हिशेब

लाकूडतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कुऱ्हाड पाण्यात पडते, जलदेवता वर येते, आणि खरे बोलल्याबद्दल सोन्याची, चांदीची व लोखंडाची अशा तिन्ही कुऱ्हाडी त्याच्या पदरात टाकते. पण त्या लाकूडतोड्याला एका मोळीचे किती मिळत, आणि तो आकडा कोण ठरवी, हे कोणी सांगत नाही. आमच्या खडकवासल्यात पाणी भरपूर आहे; परंतु धरणातून देवता वर येऊन कोणाची कुऱ्हाड भरून दिल्याचे आम्ही पाहिलेले नाही. तेव्हा झाडे उतरवणाऱ्या माणसाचा हिशेब आपणच मांडणे प्राप्त आहे.

याच्याशी आम्हा शहरवासीयांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. कारण हा भाव दोघे मिळून ठरवतात : एक झाडावर चढणारा, आणि दुसरा खाली उभा राहून घासाघीस करणारा. हे दुसरे गृहस्थ म्हणजे बहुधा आपणच.

आमची शाळा सातवीत सुटली. हिशेब शिकलो तो पुढे, कामगार संघटनेत वेतनकरारांचे कागद वाचता वाचता. मालकापुढे आकडा कसा ठेवावा, हे आम्हांला कळत होते. परंतु झाडे तोडणारी मंडळी आमच्याकडे येऊ लागली तेव्हा आमची विद्या अपुरी पडली. यांच्यात मालकही तोच आणि कामगारही तोच. मागणी करायची कोणाकडे?

एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गड्याला एका गृहसंस्थेतला जुना गुलमोहर उतरवायचा होता. संस्थेने तिघांकडून दर मागवले होते. त्याला लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून चिठ्ठी आम्ही लिहिली. "किती लिहू?" असे विचारताच तो म्हणाला, "शेजारच्यापेक्षा पाचशे कमी लिहा." आम्ही लिहिले. काम मिळाले. पुढे एवढ्या पैशांत भागेना, म्हणून त्याने दोर धरणारा माणूस कमी केला. फांदी उलटी फिरली, गडी खाली आला, मांडीचे हाड मोडले. आठ महिने घरी बसला. संस्थेने सांगितले की, तो आमचा नोकर नव्हता. ते खरेच होते. पण चिठ्ठीवरचा आकडा आमच्या हस्ताक्षरात होता, हेही खरे आहे. त्या दिवसापासून आम्ही हा हिशेब शिकू लागलो.

माप कशाचे?

पोते उचलणाऱ्याचा दर ठरवणे त्या मानाने सोपे. पोत्याचे वजन ठरलेले, अंतर ठरलेले. म्हणूनच हमालांना संघटित होऊन दर मागता आले, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा होऊन मंडळांमार्फत मजुरी ठरू लागली. झाडाचे तसे नाही. एकाच घेराची दोन झाडे घ्या. एक मोकळ्या शेतात उभे असेल तर बुंध्याशी खाच घेऊन तासाभरात आडवे करता येते. तेच बंगल्याच्या आवारात, पत्र्याच्या छपरावर झुकलेले असेल, तर शेंड्यापासून एकेक तुकडा दोराने खाली सोडावा लागतो. त्याला दोन दिवस लागतात. लाकूड तितकेच, काम दसपट.

म्हणून जाणता गडी प्रथम झाडाकडे बघत नाही, झाडाखाली बघतो. भिंत, पाण्याची टाकी, उभ्या गाड्या आणि मुख्य म्हणजे विजेच्या तारा. तारा जवळ असतील तर महावितरणकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. मग तो वर बघतो : ढोली आहे का, वाळवी लागली आहे का, आग्या मोहोळ आहे का. जातही बघावी लागते. निलगिरी सरळ वाढते. चिंचेचा गाभा असा कठीण की, मशीनच्या साखळीचे दात बोथट करतो. गुलमोहराची फांदी ठिसूळ, ती केव्हा दगा देईल याचा नेम नाही. आणि वाळलेले झाड? घरमालक म्हणतो, "ते मेलेलेच आहे, स्वस्तात पाडा." वस्तुतः वाळलेले झाड हिरव्यापेक्षा महाग असले पाहिजे, कारण त्याच्या कोणत्याच फांदीवर भरवसा ठेवून चढता येत नाही.

रिकाम्या दिवसाचे पोट

आता आकड्यांकडे येऊ. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत.

समजा, एका गड्याचा वर्षाचा घरखर्च 3,00,000 रुपये. मशीन, साखळ्या, दोर, पट्टा व दुरुस्ती यांना 45,000. कामे बघत हिंडण्यासाठी दुचाकीचे पेट्रोल व फोन 25,000. आजारपण, विमा आणि अडीनडीची शिल्लक 50,000. एकूण 4,20,000. हे भागायचे कितीने? बहुतेक जण मनातल्या मनात तीनशेने भागतात आणि दिवसाचे 1,400 रुपये धरतात. इथेच घर बुडते. वर्षातून रविवार आणि सणवार वजा करा. ओल्या खोडावर चढता येत नाही असे पावसाचे दिवस वजा करा. नुसते झाड बघून, दर सांगून हात हलवत परत येण्याचे दिवस वजा करा. पैसे देणारे दिवस उरले समजा 140. मग एका दिवसाचे मोल 3,000 रुपये होते.

हे कोणाला फार वाटेल. पण आमच्या धरणाच्या काठावर कणसे भाजणाऱ्या बाईंना हे गणित न शिकता येते. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगड रस्ता माणसांनी फुलतो. त्या एका दिवसाच्या कणसांनी सोमवार ते शुक्रवार पोसायचे असतात. खुद्द धरण तरी दुसरे काय करते? चार महिन्यांच्या पाण्यावर बारा महिने काढते. ज्याचे काम उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या आधी एकदम येते, त्यानेही दर धरणासारखाच साठवणीचा लावला पाहिजे.

आता दोन दिवसांचे एक उक्ते काम धरा. स्वतःचे 6,000. दोन गडी, प्रत्येकी रोज 900, म्हणजे 3,600. टेम्पो 2,500. पेट्रोल-ऑईल 800. बेरीज 12,900. ढोली निघाली, पाऊस आला, मशीन बंद पडले, यासाठी सुमारे दहावा हिस्सा 1,300. एकूण 14,200 रुपये. याउलट 1,400 चा रोज धरणारा 9,700 सांगतो. आणि गिऱ्हाईक अडून बसले की एक गडी वजा करून 7,900 वर येतो. तो लबाड नसतो. त्याचा भागाकार चुकलेला असतो, आणि ती चूक दोर धरणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन उभी राहते.

लाकूड कोणाचे?

अर्धी भांडणे या एका प्रश्नावरून होतात. सागाचा किंवा बाभळीचा बुंधा असेल तर तोडणाराच मालकाला पैसे देईल. गुलमोहराच्या लाकडाला वखारीत फारशी किंमत नाही. ते वाहून नेण्याचाच खर्च पडतो. शिवाय ओले लाकूड पाण्यामुळे जड भरते आणि वाळल्यावर घटते. म्हणून लाकूड मजुरीत वळते करायचे असेल तर मजुरीचा आकडा आधी पूर्ण लिहावा, आणि लाकडाची किंमत त्यातून वेगळी वजा दाखवावी. "लाकूड तुझे, काम फुकट" या सौद्यात तोडणाऱ्याचे बहुधा नुकसान होते.

परवानगीचेही असेच. शहरी भागातील झाडांसाठी 1975 सालचा कायदा आहे, आणि 2021 सालच्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. त्याच वर्षी खडकवासला पुणे महापालिकेत आले. तेव्हा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा कागद आधी डोळ्यांनी पाहावा. "तू तोड, मी बघतो," असे म्हणणारा मालक गुन्हा दाखल झाल्यावर दिसेनासा होतो. कुऱ्हाड मात्र तोडणाऱ्याच्या हातात सापडते.

कोणी म्हणेल, सर्वांनी मिळून एकच दर का ठरवू नये? झाडागणिक काम बदलते, म्हणून तो टिकायचा नाही. सर्वांनी एकच दर लावावा असे आमचे म्हणणे नाही; सर्वांनी एकच हिशेब मांडावा, एवढेच आहे. माणसे, दिवस, यंत्र, वाहतूक, लाकूड, धोका अशी सहा कलमे चिठ्ठीवर वेगवेगळी लिहावीत. मग कमी दर का कमी आहे, हे गिऱ्हाइकालाही दिसते. हेही विसरू नये की, ज्याने दोन गडी लावले तो त्यांच्यापुरता मालक झाला. त्यांची जबाबदारी त्याच्यावर आहे. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा देणारी सरकारी योजना आहे. तिची नोंद प्रत्येकाने बँकेत करावी. ठेका घेण्यात कमीपणा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी स्वतः ठेकेदारी केली, आणि आमच्या या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. तरी कष्टकऱ्याची बाजू त्यांनी सोडली नाही.

आपणांस एवढीच विनंती. तीन दर मागवलेत, तर सर्वांत कमी दराच्या माणसाला विचारा : दोर कोण धरणार? त्याला उत्तर देता आले नाही, तर ते काम त्याला देऊ नका. अथवा दर वाढवून द्या आणि माणूस लावायला सांगा.

तो आमचा गडी आता झाडावर चढत नाही. तरुण पोरे चढतात. हा खालून झाड बघतो आणि सहा कलमे मांडतो. अक्षर अजून वेडेवाकडे आहे, पण चिठ्ठी तो स्वतः लिहितो. परवा एका बंगल्यातले काम त्याने सोडून दिले. दुसऱ्या कोणी ते निम्म्यात घेतले. हा संध्याकाळी त्या दुसऱ्याच्या घरी गेला, आणि जाताना आपला दोर घेऊन गेला.