कळण्याची भाकरी आणि कमला सोहोनी

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत कळण्याची भाकरी सर्वांच्या परिचयाची आहे. ज्वारीत उडीद मिसळून दळायचे आणि त्या पिठाची भाकरी ठेच्याबरोबर खायची. जळगावात डाळ मिलही पुष्कळ. म्हणजे डाळी-कडधान्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातली. पण डाळ कच्ची का खात नाहीत, असे वर्गात विचारले तर 'पचत नाही' या उत्तरापुढे गाडी सहसा जात नाही. का पचत नाही, याचा शोध घेणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती. तिची ओळख आज करून घेऊ.

कमला भागवत यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सी. व्ही. रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी नकार दिला. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्यांनी कारण विचारले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटीवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. काम समाधानकारक ठरले तरच ती मिळेल. ही अट मुलांना नव्हती. कमलाबाईंना ती जाचली, तरीही त्यांनी ती स्वीकारली आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. ते काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हे श्वसनक्रियेत भाग घेणारे द्रव्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. तेथे त्यांनी नीरा, डाळी, कडधान्ये अशा सामान्य माणसाच्या अन्नावर विद्यार्थ्यांसह संशोधन केले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. अन्नातील प्रथिनांचे रेणू फार मोठे असतात. लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर त्यांचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यांत मात्र असे काही पदार्थ असतात, की जे ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे काम थांबवतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसा हा प्रकार. वाल आणि डबल बी यांतील असे रोधक सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ साली स्फटिकरूपात वेगळे केले.

हे रोधकही प्रथिनेच असतात. उष्णतेने त्यांच्या रेणूचा आकार बिघडतो आणि ते ट्रिप्सिनला अडवू शकत नाहीत. अंड्याचा पांढरा भाग तापवल्यावर गोठतो, तेव्हाही प्रथिनांचा आकार असाच बदललेला असतो. भिजवल्याने व मोड आणल्याने रोधक काहीसे कमी होतात. खरे काम करते ती चूल. कळण्याच्या पिठातले उडीदही तव्यावर भाजले जातात. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते उडीद पुरवतो. उडदात मेथिओनिन कमी असते, त्याची उणीव ज्वारी काही अंशी भरून काढते. आजीच्या अनुभवाला अशी शास्त्राची जोड मिळते.

डाळीत प्रथिने आहेत, हे वर्गात सहज दाखवता येईल. चमचाभर हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात कालवून गाळा. परीक्षानळीत हे पाणी थोडे घेऊन तेवढेच कॉस्टिक सोड्याचे विरल द्रावण घाला. मग मोरचुदाच्या विरल द्रावणाचे चार-पाच थेंब टाका आणि हलवा. जांभळा रंग आला, म्हणजे प्रथिने आहेत. दुसऱ्या नळीत नुसते साखरेचे पाणी घेऊन तुलना करा. कॉस्टिक सोडा कातडीला व डोळ्यांना इजा करतो, म्हणून तो शिक्षकांनीच ओतावा.

आणि एक गोष्ट पाहावी: परीक्षानळी कोणाच्या हातात आहे? मुलगे प्रयोग करतात आणि अक्षर चांगले म्हणून मुली निरीक्षणे लिहितात, असे आपण अनेक शाळांत पाहतो. मुलींना कोणी नकार देत नाही, अटही घालत नाही. तरी नळी त्यांच्या हाती येत नाही. कमलाबाईंना निदान कारण विचारायला एक दार समोर होते. आपल्या वर्गातल्या मुलीला तेही दिसत नाही. तेव्हा पुढच्या तासाला नळी तिच्या हाती देऊ या, आणि लिहिण्याचे काम मुलाकडे.