मावळ्याच्या डोळ्यांनी किल्ला

दिवाळीत किल्ला केला की तुम्ही त्याचा फोटोही काढताच. आईचा मोबाइल मागायचा, उभं राहून वरून खटका दाबायचा. फोटोत दिसतं काय? मातीचा ढीग, मागे सोसायटीची भिंत आणि कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल! दिवाळी सरली की किल्ला मोडतो, उरतो तो हा फोटोच. म्हणून यंदा खास फोटोसाठी एक छोटा देखावा करा. अख्खा किल्ला नको. एक दरवाजा, एक बुरूज आणि वर जाणारी वाट, बस्स. तोही जमिनीवर नाही, जाड फळीवर. का, ते पुढे कळेलच.

सुरुवात मावळ्यापासून. त्याला पट्टीने मोजा. समजा तो ३ इंचांचा आहे. खरा माणूस साडेपाच फुटांचा, म्हणजे ६६ इंच. ६६ भागिले ३, आले २२. आता आपल्या राज्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या बाविसाव्या हिश्शाएवढी! १५ फुटी दरवाजा इथे साधारण ८ इंचांचा. खरी पायरी वीसेक सेंटिमीटर उंच, इथे जेमतेम १ सेंटिमीटर. बहुतेक किल्ले फसतात ते इथेच. पायरी मावळ्याच्या कमरेएवढी झाली, तर बिचारा चढणार कसा? (प्लास्टिकच्या वाघालाही पट्टी लावा बरं का. माणसाएवढा उंच वाघ सह्याद्रीत नाही!)

तट पुठ्ठ्याचा करा. चाळलेल्या मातीत थोडा डिंक कालवून वर थापा आणि ओली असतानाच काडीने दगडांच्या रेघा ओढा. आळीव पेरलेत तर चार-पाच दिवसांत हिरवळ तयार. झाडासाठी तुळशीची बारीक फांदी छान. आंब्याचं पान मात्र इथे होडीएवढं दिसेल.

आता फळी कशासाठी, ते ऐका. अमेरिकेत मायकेल पॉल स्मिथ नावाचे एक कलाकार होते. त्यांनी ‘एल्गिन पार्क’ नावाचं जुन्या काळचं काल्पनिक गाव उभं केलं. खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाच्या मोटारी आणि हाताने केलेली घरं ते उघड्यावर टेबलावर मांडत. मागची झाडं, घरं मात्र खरीखुरी! कॅमेरा साधाच, पण लोकांना ते गाव खरं वाटे. तुम्हीही मोठ्यांच्या मदतीने फळी गच्चीवर न्या, टेबलावर ठेवा. मागे खरं आभाळ येऊ दे.

वेळ सकाळी लवकरची किंवा उन्हं कलल्यावरची. तिरप्या उन्हात बारीकशा दगडाचीही लांब सावली पडते. घरात काढणार असाल तर दिवा एकच लावा. दोन दिवे म्हणजे दोन सावल्या, आणि सूर्य तर एकच!

मोबाइल उलटा धरा, म्हणजे भिंग खाली येईल आणि मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून किल्ला दिसेल. फार जवळ जाऊ नका. जवळून पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर येतं, मग हे खेळणं आहे हे लगेच ओळखू येतं. थोडं मागे सरका आणि नको तो भाग नंतर कापा.

खटका दाबण्याआधी वाटेवर नजर टाका. मुंगळा चालत असेल तर जाऊ द्या त्याला. फोटोत तो घुशीएवढा दिसेल!